साखळीला बांधून वाढलेलं कुत्रं घरी आणताना

तांबू आमच्याकडे आला तेव्हा चारेक वर्षांचा असावा. साताऱ्यात आमच्या घरामागे बांधकाम चालू होतं, तिथल्या पत्र्याच्या शेडला तो हातभर साखळीने बांधलेला असायचा. काम संपलं, माणसं गेली, तो तिथेच राहिला. मालकाला गाठून विचारलं, तर "न्या की" म्हणाला. मी त्याच्याकडून तेवढं कागदावर लिहून घेतलं. तुम्हीही घ्या, दोन ओळी पुरतात. कुत्रं अंगाने भरलं की परत मागायला येणारे असतात. मालक सोडायलाच तयार नसेल, तर त्याला शांतपणे सांगा की 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं ही क्रूरता आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हीसुद्धा.

तिथून आधी डॉक्टरकडे, मग घरी. तांबूचं वजन 11 किलो भरलं. पट्टा मानेत रुतून जखम झाली होती, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड होते आणि हिरड्या पांढऱ्याफटक. अशा कुत्र्याची रक्ततपासणी कराच. गोचिडांमुळे येणारा ताप बाहेरून लगेच दिसत नाही. कुत्रं नुसतं मलूल असतं, खात नाही. तांबूला 28 दिवसांच्या गोळ्या होत्या. आठवडाभरात तो तरतरीत दिसायला लागला, तरी आम्ही एकही गोळी चुकवली नाही, आणि तुम्हीही चुकवू नका. जंताचं औषध, रेबीजची लस, बाकीच्या लसी कधी द्यायच्या हे डॉक्टर ताकद बघून ठरवतात. नसबंदीलाही आम्ही अंग भरेपर्यंत थांबलो.

एक हात जोडून सांगते. गोचीड आणि खरजेवर रॉकेल, गाडीचं जळकं ऑइल, तंबाखूचं पाणी, फिनेल यातलं काहीही लावू नका. आजूबाजूची मोठी माणसं अगदी मायेने हे सुचवतील. कुत्रं अंग चाटतं आणि ते विष पोटात जातं. आपल्या घरातल्या ताप-दुखीच्या गोळ्याही द्यायच्या नाहीत; आपल्याला चालणारी गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते.

उपाशी राहिलेल्या जिवाला बघून आपला हात सैल सुटतो. तो आवरा. एकदम पोटभर घातलं तर उलट्या-जुलाब होतात, आणि फारच खंगलेल्याला त्याहून मोठा धोका असतो. मी दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्यायचे: मऊ भात, बिनमीठ-मसाल्याचं उकडलेलं चिकन, एखादं अंडं. दूध-पोळीवर कुत्रं जगत नाही, दुधाने कित्येकांचं पोट बिघडतं. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कधीच नाही. शिजवलेली हाडंही नाहीत, ती तुकडे होऊन आतडं फाडतात. आणि भांडं ठेवलं की मागे सरा. खाताना अंगावरून हात फिरवायचा नाही.

जागा त्याची त्याला निवडू द्या. पडवीत मी जुनी गोधडी घातली होती, तांबूने मात्र दिवाणाखालचा कोपरा धरला. गोधडी तिकडे सरकवली, पाण्याचं भांडं जवळ ठेवलं आणि घरात सगळ्यांना सांगितलं, दिवाणाखाली कुणी वाकून बघायचं नाही. माझी चूक दुसऱ्या दिवशी झाली. वास येत होता म्हणून त्याला मोरीत नेऊन आंघोळ घालायला गेले. त्याने ओठ चाटले, तोंड फिरवलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. तो "नको" म्हणत होता, मला ते वाचता आलं नाही. तो जागच्या जागी मुतला आणि माझ्या मनगटाला दात लागले. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि त्याच दिवशी जाऊन इंजेक्शन घेतलं. त्यात कधीच टाळाटाळ करायची नाही. तांबूला ओरडले नाही. पुढची आंघोळ दीड महिन्याने झाली, तोवर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं पुरलं, तेही तो जवळ यायला लागल्यावर.

मग मी एकच केलं. रोज संध्याकाळी दिवाणापासून चार हातांवर, त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं आणि भाजी निवडायची. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला बोलवायचं नाही. अकराव्या दिवशी मेथी निवडताना टाचेला गार, ओलं काहीतरी लागलं. मी मान वळवली नाही, हात चालूच ठेवले. त्याने माझी टाच हुंगली, पदर हुंगला, ढिगातली एक मेथीची काडी उचलली आणि दिवाणाखाली गेला. ती काडी खाल्ली नाही, पुढच्या पायांत धरून झोपला. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहिला हात लावला तो आणखी आठवड्याने, छातीला. डोक्यावरून हात नेऊ नका. वरून येणारा हात म्हणजे त्याच्यासाठी मार असतो.

घरात कधी राहिलाच नाही त्याला शी-शू कुठे करायची ते कसं कळणार? झोपून उठला की, खाऊन झालं की, लगेच अंगणात न्यायचं आणि तिथे केलं की तिथेच चिकनचा तुकडा द्यायचा. घरात झालं तर गुपचूप पुसायचं. फिनेलच्या वासाने घाणीचा वास त्याच्या नाकापासून लपत नाही. मी व्हिनेगरच्या पाण्याने पुसायचे. तीन आठवड्यांत जमलं.

बाहेर नेताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा) दोन्ही घाला आणि दोन्हींना वेगळी दोरी लावा. घाबरलेलं कुत्रं मान मागे ओढून पट्ट्यातून सहज निसटतं, आणि नवीन घराचा रस्ता त्याला माहीत नसतो. पहिले काही दिवस फाटकाला कडी आहे ना, हे दर वेळी बघायचं. दिवाळीत अंधार पडायच्या आत फिरवून आणायचं, मग दारं-खिडक्या बंद, पंखा-टीव्ही चालू, आणि आपल्यापैकी एक जण घरी.

आता आठ महिने झालेत, वजन 17 किलो आहे. झाडू उचलला की मात्र तो अजून भिंतीला चिकटतो. म्हणून मी आधी त्याला अंगणात सोडते, मग केर काढते. रविवारी झाडू नुसता जमिनीवर आडवा ठेवते आणि भोवती चिकनचे तुकडे टाकते. गेल्या रविवारी त्याने दांड्याजवळचा तुकडाही उचलला.