पास्ता ए चेची: काबुली चण्यांचं इटालियन सूप

जुलैच्या पावसात भिजून घरी आल्यावर पोटभरीचं, गरम आणि एका वाडग्यात संपणारं जेवण हवं असेल, तर मध्य इटलीतलं हे घरगुती सूप करून बघा. चणे, लसूण, रोझमेरी, थोडा टोमॅटो आणि बारका पास्ता, एवढ्यावरच ते उभं राहतं. चणे आणि पास्त्याची जोडी फार जुनी आहे. घरी परतल्यावर वाट पाहणाऱ्या कांद्याची पात, चणे आणि पिठाच्या पट्ट्या यांच्या वाडग्याबद्दल रोमन कवी होरेसने इसवी सनपूर्व पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. (पात म्हणजे आपली नेहमीची नव्हे, तिची जाडजूड बहीण लीक.)

यात क्रीम पडत नाही, कॉर्नफ्लोअर तर मुळीच नाही. दाटपणा तीनच गोष्टींतून येतो: चणे शिजवलेलं पाणी, थोडे वाटलेले चणे आणि पास्त्याचा स्टार्च. आपल्या वरणफळांत फळं वरणातच शिजतात आणि वरण आपोआप दाट होतं, तसंच इथेही. म्हणून पास्ता वेगळा उकडून, निथळून वरून घालू नका. तसं केलंत तर पातळ रश्श्यात पोहणारा पास्ता मिळेल, सूप नाही.

चार जणांसाठी 200 ग्रॅम काबुली चणे, 150 ग्रॅम बारका पास्ता, 4 मोठे चमचे (15 मिलीचे) ऑलिव्ह ऑइल, लसणाच्या 4 मोठ्या पाकळ्या, मध्यम आकाराचे 2 टोमॅटो, रोझमेरीची बोटभर काडी किंवा वाळवलेली अर्धा छोटा चमचा, पाव छोटा चमचा चिली फ्लेक्स, मीठ आणि मिरी लागेल. ताजी रोझमेरी क्रॉफर्ड मार्केटात किंवा बांद्र्याला पाली नाक्यावर मिळते. नाही मिळाली तर वाळवलेली चालते, पण प्रमाण वाढवू नका, जास्त झाली की सूपला औषधी वास येतो. इटलीत डितालिनी नावाच्या बुटक्या नळ्या वापरतात. इथे लहान एल्बो मॅकरोनी घ्या, नाहीतर स्पॅगेटी फडक्यात गुंडाळून दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला असला पाहिजे. मैद्याचा पास्ता सूपमध्ये फुटून लगदा होतो.

चणे 1 लिटर पाण्यात 1 छोटा चमचा मीठ घालून 8 ते 10 तास भिजवा. मिठाने साल मऊ होते, चणे कडक होतात हा गैरसमज आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात भांडं बाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत फेस येऊन आंबूस वास सुटतो, तेव्हा ते फ्रिजमध्ये ठेवा आणि तास-दोन तास जास्त द्या. भिजवलेलं पाणी टाकून द्या.

आता कुकरमध्ये चणे, 1 लिटर ताजं पाणी, पाऊण छोटा चमचा मीठ आणि 1 छोटा चमचा तेल. तेलाने फेस आटोक्यात राहतो. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून 25 मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्या. चणा दोन बोटांत दाबा. विनाकण पिठासारखा चुरडला पाहिजे. मध्ये कण लागला तर आणखी 10 मिनिटं. टोमॅटो या टप्प्यावर घालायचा नाही: आंबटपणामुळे चण्याची साल घट्ट राहते आणि मग कितीही शिट्ट्या करा, तो मऊ होत नाही. मुंबई पालिकेचं पाणी मऊ असतं, पण सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर चणे शिजायला त्रास देतात. अशा वेळी भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घाला. चणे शिजलेलं पाणी मात्र थेंबभरही फेकू नका.

पुढची पायरी आपल्या हाताला उलटी वाटेल. फोडणीत तेल कडक तापवायची सवय असते, इथे थंड तेलातच ठेचलेला लसूण टाकायचा आणि जाड बुडाच्या पातेल्यात, अगदी मंद आचेवर 3-4 मिनिटं ठेवायचा. कडेने बारीक बुडबुडे येतात आणि लसूण फिकट सोनेरी होतो. तिथेच थांबा. तपकिरी झाला की अख्खं पातेलं कडवट होतं आणि नंतर ते झाकता येत नाही. करपलाच तर तेलासकट फेकून पुन्हा सुरू करा, पाच मिनिटांचंच काम आहे. तीन चमचे तेल इथे वापरा, चौथा शेवटासाठी ठेवा. लसणावर चिली फ्लेक्स आणि रोझमेरी अर्धा मिनिट, मग किसलेला टोमॅटो. तेल सुटेपर्यंत, साधारण 7 मिनिटं परता. दोनाच्या वर टोमॅटो नको, नाहीतर आंबट रस्सा होतो आणि चण्याची गोडसर चव हरवते. जिरं, हिंग, गरम मसाला यांनाही इथे जागा नाही.

चणे पाण्यासकट ओता. दोन डाव चणे काढून मिक्सरमध्ये फिरवा आणि परत घाला. अर्धा लिटर गरम पाणी घालून उकळी आणा, चव घेऊन मीठ लावा आणि मग पास्ता सोडा. मध्यम आच ठेवा आणि दर मिनिटाला बुडापासून ढवळा. पास्ता तळाला चिकटतो आणि करपल्याचा वास सगळ्या सूपला लागतो. पाकिटावरच्या वेळेआधी 2 मिनिटं गॅस बंद करा, झाकण ठेवून 5 मिनिटं थांबा. राहिलेला पास्ता त्या उष्णतेवर शिजतो. फार दाट वाटलं तर उकळतं पाणी घाला, गार नको.

वाढताना वर कच्चं ऑलिव्ह ऑइल आणि भरडलेली मिरी. तळणीसाठी विकलं जाणारं पोमेस (ऑलिव्हच्या चोथ्याचं) तेल वास देत नाही, शेवटच्या चमच्यापुरतं तरी एक्स्ट्रा व्हर्जिन हवं. चीज घालायचंच तर किसलेलं कडक चीज. अस्सल पार्मिजानो या इटालियन चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य असतं, म्हणून शाकाहारी घरांत सूक्ष्मजीवी रेनेटचं कडक चीज बघून घ्या. प्रोसेस्ड क्यूबने सूप चिकट होतं. चीज नसलं तरी काहीच बिघडत नाही.

उरलं तर पास्ता रात्रभरात सगळं पाणी पिऊन फुगतो. म्हणून दोन दिवसांचं करायचं असेल तर पास्ता घालण्याआधी निम्मं सूप बाजूला काढा. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं, फ्रीझरमध्येही राहतं, लागेल तेव्हा उकळून त्यात ताजा पास्ता सोडायचा. ऑफिसच्या डब्यात द्यायचं तर पास्त्याशिवाय थर्मासमध्ये भरा आणि सोबत पाव द्या.