पोरींच्या डोक्यात उवा झाल्या तर

शाळा सुरू झाली की डोक्यात उवा येतात, मग घरात रडारड आणि "केस कापून टाका". कापू नका. ओल्या केसांना भरपूर खोबरेल तेल लावा, अंगणात पांढऱ्या फडक्यावर बसवून बारीक फणीने मुळापासून विंचरा. लिखा 7 ते 10 दिवसांत फुटतात, म्हणून दर 3 दिवसांनी, 2 आठवडे. दोघी बहिणींचं एकाच दिवशी, आईचंही डोकं बघा.

रॉकेल किंवा कपाशीवरचं फवारणीचं औषध मात्र कधीच लावू नका. ते विष कातडीतूनही अंगात जातं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ती तर मोठी माणसं होती.

माझी धाकटी फडक्यावरच्या उवा मोजते, तेवढा वेळ रडत नाही.