मॉनिटर बदलताना या चुका टाळा: आधी केबलचं टोक बघा, मग इंच

पाऊस लागला की किनारपट्टीवर "मॉनिटर गेला" ही तक्रार वाढते, आणि त्यातले कितीतरी मॉनिटर धडधाकट असतात. सीपीयूचा पंखा फिरतो, दिवे लागतात, पडदा मात्र काळा. माणूस सात-आठ हजार मोजून नवा मॉनिटर आणतो, जोडतो, आणि तोही काळाच. दोष असतो रॅमचा, म्हणजे सीपीयूतल्या मेमरीच्या छोट्या बोर्डाचा: खाऱ्या, दमट हवेने तिच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक थर धरलेला असतो. म्हणून खिशात हात घालण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या.

खरंच गेलाय का, हे न बघणं

मॉनिटरची चित्राची केबल काढा, फक्त वीज चालू ठेवा आणि बटण दाबा. पडद्यावर "नो सिग्नल" किंवा "चेक केबल" उमटलं, तर पॅनेल, मागचा उजेड आणि वीजपुरवठा तिन्ही शाबूत आहेत. दोष बहुधा केबलमध्ये नाहीतर सीपीयूत. सीपीयूचा प्लग काढून रॅम बाहेर घ्या, पट्ट्या पांढऱ्या मऊ खोडरबराने दोन्ही बाजूंनी पुसा, चुरा झटका आणि क्लिप "टक्" वाजेपर्यंत रॅम परत दाबून बसवा.

काहीच उमटलं नाही, तर मॉनिटरचा छोटा दिवा बघा. तो लागतच नसेल आणि अडॅप्टर बाहेरचा असेल, तर मल्टिमीटरने अडॅप्टर मोजा. दुसरा घेताना लेबलवरचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिन आणि तिची प्लस-मायनसची बाजूही जुळली पाहिजे. दिवा लागतो पण पडदा काळा आहे, तर खोलीत अंधार करून मोबाईलची टॉर्च काचेजवळ तिरपी धरा. आत अक्षरं अंधुक दिसली तर बॅकलाइट, म्हणजे मागचा उजेड, गेलाय. जुन्या १८-१९ इंची मॉनिटरवर त्यासाठी खर्च करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वीज आतल्या बोर्डावर असलेल्या जुन्या मॉनिटरमध्ये बहुतेकदा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, फुगलेले असतात. सपाट असायला हवा तो माथा घुमटासारखा वर आलेला दिसतो. १०५ अंश तापमान सोसणारे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे नवे टाकले की मॉनिटर पुन्हा चालू लागतो. हे काम माहीतगाराकडूनच करून घ्या. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब राहू शकतो.

केबलचं टोक न बघता दुकान गाठणं

सीपीयूच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाईलवर घेऊन जा. निळं, तीन ओळींत १५ पिनांचं टोक ते व्हीजीए. रुंद, दोन्ही बाजूंना स्क्रूची भोकं असलेलं आणि शेजारी आडवी पट्टी असलेलं ते डीव्हीआय. चपटं, खाली निमुळतं ते एचडीएमआय. एकच कोपरा कापलेलं ते डिस्प्लेपोर्ट.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते कन्व्हर्टरवर. एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतो. तुमचा जुना सीपीयू व्हीजीएचा आणि नवा मॉनिटर फक्त एचडीएमआयचा असेल, तर "व्हीजीए टू एचडीएमआय" मागा; त्याला वीज घ्यायला यूएसबीची शेपटी असते. उलटा आणला तर काही केल्या चित्र येत नाही, आणि दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. डीव्हीआय-डी आणि एचडीएमआयचं मात्र जमतं: साधी केबल पुरते, आवाजाची वेगळी सोय करा. ऑफिसातून निघालेले छोटे सीपीयू घेतले असतील तर त्यांना पुष्कळदा डिस्प्लेपोर्टच असतो. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी केबलही एकाच दिशेची असते, हे ध्यानात ठेवा.

इंटेलच्या जी-३१, जी-४१ चिपसेटच्या जुन्या मदरबोर्डवर (सीपीयूतल्या मुख्य बोर्डवर) काम चालू असेल, तर सरळ व्हीजीए असलेलाच मॉनिटर निवडा. अजून मिळतात. आणि सीपीयूत वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल कार्डाच्या तोंडात लावा, मदरबोर्डच्या नाही.

इंचांवर जाणं

जुना १७ इंची चौकोनी मॉनिटर पट्टीने मोजा: पडदा साधारण ३४ सेंटिमीटर रुंद, २७ उंच. त्याच्या जागी १८.५ इंची आडवा आणला, तर रुंदी ४१ होते पण उंची २३ वर येते. इंच वाढले, पान मात्र चार सेंटिमीटरने आखूड झालं. हिशेबाच्या वहीतल्या, अर्जाच्या नमुन्यातल्या दोन-चार ओळी खाली लपतात आणि दिवसभर माऊसचं चाक फिरवत बसावं लागतं. जुनी उंची हवी असेल तर किमान २१.५ इंच घ्या, म्हणजे ४७.६ बाय २६.८ सेंटिमीटर.

इंचांइतकंच रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर किती आडवे आणि उभे ठिपके आहेत, ते बघा. २१.५ इंचात १९२० × १०८० असेल तर दर इंचात १०२ ठिपके बसतात, २३.८ इंचात ९३, आणि २७ इंचात फक्त ८२. मराठी वाचणाऱ्याला हे लगेच जाणवतं. सातबाराची पीडीएफ उघडा आणि नावं वाचा: ठिपके विरळ असतील तर 'घ' की 'ध', 'भ' की 'म' हे ओळखायला पान मोठं करावं लागतं, आणि रफार मात्रेत मिसळतो. दुकानात पेनड्राइव्हवर असंच एक पान न्या. तिथे लावलेला निळ्या समुद्राचा व्हिडिओ कुठल्याही पडद्यावर छान दिसतो.

सात-आठ हजारांत आमची निवड ठरलेली: २१.५ किंवा २३.८ इंच, १९२० × १०८०, आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग टिकतात), मॅट म्हणजे न चमकणारा पडदा. २७ इंच घ्यायचाच तर २५६० × १४४० चा, आणि तुमचा सीपीयू तेवढं रिझोल्यूशन देतो का हे आधी बघून.

"तेवढ्याच पैशांत ३२ इंची टीव्ही येतो की!" हा सल्लाही ऐकू नका. स्वस्त ३२ इंची एचडी रेडी टीव्ही १३६६ × ७६८ चा असतो, म्हणजे इंचाला ४९ ठिपके. हातभर अंतरावरून त्यावर टायपिंग करणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

जाहिरातीतले आकडे

कॉन्ट्रास्ट म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक. "दहा लाखास एक" असा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट सोडून द्या. स्टॅटिक कॉन्ट्रास्ट बघा. आयपीएसमध्ये तो साधारण १०००:१, व्हीए जातीच्या पॅनेलमध्ये ३०००:१ असतो. ठिपका रंग बदलायला किती वेळ घेतो, तो "१ मिलिसेकंद" हा आकडा ऑफिसकामाला निरुपयोगी. ७५ की १०० हर्ट्झ (चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं), यासाठी चारशे-पाचशेच जास्त पडत असतील तर १०० घ्या. टीएन पॅनेल टाळा: शेजारी बसलेल्या माणसाला रंग उडालेले दिसतात आणि खालून बघितलं तर चित्र काळवंडतं.

टेबल ओटीवर किंवा पडवीत असेल, तर चकचकीत पडद्यात तुम्हाला अंगणातले माड दिसतील. मॅटच घ्या, ब्राइटनेस किमान २५० निट्स, आणि पडदा उजेडाच्या समोर न ठेवता काटकोनात ठेवा.

मुंबईहून मागवताना तारीख न बघणं

कोकणातली ही खास चूक. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून किंवा ऑनलाइन जुलैत मॉनिटर घेतला जातो, मुंबईच्या खोलीत पडून राहतो आणि गणपतीला चाकरमान्याबरोबर गावी येतो. खोकं उघडलं तर कोपऱ्यात मेलेला पिक्सेल (रंग न बदलणारा ठिपका), आणि ऑनलाइनची बदलून घेण्याची मुदत बहुधा सात दिवसांची, कधीच उलटलेली. मुंबईतच उघडा, काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग पूर्ण पडद्यावर लावून बघा, मग पुन्हा बांधा. उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्यात सीरियल नंबर दिसू द्या. पक्कं बिल घ्या, त्यावर तोच नंबर लिहून घ्या.

प्रवासात खोकं उभंच ठेवा, त्यावर बॅग टाकू नका. आडवं ठेवलं आणि वर जड सामान आलं तर खोकं वरून जसंच्या तसं दिसतं, काच मात्र आतून तडकलेली असते. तडा वॉरंटीत बसत नाही.

वॉरंटी तीन वर्षांची आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तुमच्या पिनकोडला माणूस घरी येतो, की मॉनिटर सेवा केंद्रात नेऊन द्यायचा, हे कंपनीला फोन करून विचारा. घाट चढून कोल्हापूरला दोन फेऱ्या पडणार असतील, तर जवळ सेवा असलेला पाचशे रुपयांनी महाग मॉनिटर स्वस्त पडतो. त्याच हिशेबाने बाहेरच्या अडॅप्टरचा मॉनिटर बरा: वीज वरखाली होऊन अडॅप्टर गेला तर तेवढाच बदलता येतो.

अर्थिंगशिवाय जोडणं

सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात? मग नवा मॉनिटर अजून जोडू नका. अर्थिंग नसेल तर सीपीयूच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट तरंगतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण चालू स्थितीत एचडीएमआय खुपसताना उडालेली बारीक ठिणगी पोर्ट जाळायला पुरते. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो. त्यात पाणी घालत राहा आणि वायरमनकडून न्यूट्रल-अर्थ दाब मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर दुरुस्ती हवी. केबल जोडताना दोन्ही प्लग भिंतीतून काढलेले असू द्या.

मे अखेरीस आणि परतीच्या पावसात गडगडू लागलं की बटण बंद करून भागत नाही, प्लग ओढा. राउटरमधून येणारी लॅनची वायरही काढा. वीज तिच्यातून मदरबोर्डमध्ये आणि तिथून मॉनिटरमध्ये शिरते.

जोडल्यावरच्या तक्रारी

अक्षरं भुरकट: रिझोल्यूशन १९२० × १०८० आहे का बघा, व्हीजीए असेल तर मॉनिटरच्या मेनूतला "ऑटो ॲडजस्ट" दाबा. ते रिझोल्यूशन यादीतच नाही: ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाका. तरी नसेल तर व्हीजीए केबल बदला. स्वस्त केबलमध्ये १२ आणि १५ नंबरच्या पिना नसल्या तर सीपीयूला मॉनिटरची ओळखच पटत नाही. काळा रंग राखाडी दिसतोय: सीपीयू मॉनिटरला टीव्ही समजतोय, ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगाची रेंज "फुल" करा. १०० हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालतोय: विंडोजमध्ये डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून बदला.

पावसाळ्यात मॉनिटर आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. एक-दोन दिवसांआड अर्धा तास चालवा, आतली ओल जाते. बंद केल्याबरोबर गरम असतानाच प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. पुसायला मायक्रोफायबरचं कापड आणि डिस्टिल्ड वॉटर, तेही कापडावर. काचा पुसायचं द्रावण लावलंत तर मॅट थर खराब होऊ शकतो.

आणि संध्याकाळी उजेडाला आलेलं चिलट पडद्याच्या आत चालताना दिसलं, तर बोटाने दाबू नका. आतल्या थरांत चिरडलं की तो काळा ठिपका कायमचा. मॉनिटर बंद करा, खोलीत अंधार करा आणि कडेला टेबललॅम्प लावून ठेवा. पुष्कळदा ते उजेडाकडे आपणहून बाहेर येतं.