डॅनिशमध्ये ‘इतकाच’ म्हणताना या चुका टाळा

डेन्मार्कचा सर्वात उंच नैसर्गिक बिंदू मॉलेहॉय. उंची १७०.८६ मीटर. जवळच आयर बाउनेहॉय नावाची दुसरी टेकडी आहे, १७०.३५ मीटरची. फरक जेमतेम ५१ सेंटिमीटर. डॅनिशमध्ये ‘जवळजवळ तितकीच उंच’ कसं म्हणायचं हे शिकायला याहून चांगली जोडी मिळणार नाही:

आयर बाउनेहॉय एर नेस्टन लीए सो हॉय सॉम मॉलेहॉय.

सांगाडा एवढाच: लीए सो, मग विशेषण, मग सॉम, आणि शेवटी ज्याच्याशी तुलना करायची ते. (उच्चार देवनागरीत जमतील तेवढे जवळचे दिले आहेत. व्याकरणासाठी महत्त्वाचं अक्षर मात्र गाळलेलं नाही.) पहिल्याच पाठात हे पाठ होतं, तरी पुढच्या पातळीवर गेलेले विद्यार्थीही इथेच अडखळतात. मराठी माणसाच्या बाबतीत त्याचं मुख्य कारण ठरलेलं आहे, म्हणून आधी तेच पाहू.

चुकीचा शब्द बदलणं

मराठीत ‘तो माझ्याइतका उंच’, ‘ती माझ्याइतकी उंच’, ‘ते झाड माझ्याइतकं उंच’. बदलतं ते ‘इतका’, ‘उंच’ जिथल्या तिथे. ‘मोठा’सारखं विशेषण असेल तर दोन्ही बदलतात, पण ‘इतका’ची सुटका कधीच नाही. त्यामुळे आपलं लक्ष सवयीने ‘इतका’वर असतं. डॅनिशमध्ये नेमकं उलटं आहे. ‘लीए सो’ दगडासारखं स्थिर राहतं आणि विशेषण बदलतं. बरं, ते पुल्लिंग-स्त्रीलिंगानुसारही बदलत नाही. ‘हान’ (तो) असो वा ‘हुन’ (ती), दोघांनाही ‘हॉय’च. बदल होतो तो कर्ता नपुंसकलिंगी असला तर (शेवटी ट लागतो) किंवा अनेकवचनी असला तर (शेवटी ए लागतो).

घर म्हणजे हूस, हे नपुंसकलिंगी. फ्लॅट म्हणजे लायलीहेथ, हे सामान्यलिंगी (डॅनिशमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग मिळून झालेलं एकच लिंग). आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा:

हूसेथ एर लीए सो स्टोर्ट सॉम लायलीहेथन.
लायलीहेथन एर लीए सो स्टोर सॉम हूसेथ.

दोन्हींचा मतितार्थ एकच, घर आणि फ्लॅट सारखेच मोठे. पण विशेषण वाक्याच्या कर्त्याचं ऐकतं, ‘सॉम’नंतरच्या नामाचं नाही. बोलताना ‘सॉम’नंतर येणारा शब्द डोक्यात घोळत असतो आणि त्याचं लिंग विशेषणाला चिकटतं. इथे घाई करू नका. टेकड्यांच्या नावांतही हाच खेळ आहे. मॉलेहॉयमधला ‘हॉय’ (टेकडी) सामान्यलिंगी, तर हिमेलब्येर्वेथ या १४७ मीटरच्या प्रसिद्ध डोंगराच्या नावातला ‘ब्येर्व’ नपुंसकलिंगी. म्हणून ‘हिमेलब्येर्वेथ एर इगे सो हॉयट सॉम मॉलेहॉय’ (‘इगे’ म्हणजे ‘नाही’).

मुलं माझ्याएवढी उंच झाली असतील तर ‘बॉर्नेने एर लीए सो हॉये सॉम माय’. एक अपवाद रोजच्या बोलण्यातला आहे, म्हणून लक्षात ठेवा. ‘ग्लाथ’ म्हणजे आनंदी, त्याला नपुंसकलिंगातही ट लागत नाही. मूल आनंदी असलं तरी ‘बार्नेथ एर ग्लाथ’च.

क्रियाविशेषणाला मात्र ट हवाच, कर्ता कोणीही असो. ‘ती त्याच्याइतकीच जोरात धावते’ म्हणजे ‘हुन लॉबर लीए सो हुर्तिट सॉम हाम’. इथे ‘हुर्ती’ म्हटलं तर चूक, कारण वर्णन तिचं नाही, धावण्याचं आहे.

‘सॉम’च्या जागी ‘एन्ड’

‘एन्ड’ (यातला ड ऐकू येत नाही) हा ‘पेक्षा’ आहे आणि तो तर-भावाच्या रूपाबरोबरच येतो, म्हणजे ‘जास्त उंच’, ‘जास्त महाग’ असं म्हणताना. ‘लीए सो हॉय एन्ड माय’ हे वाक्य अर्धं समानतेचं आणि अर्धं असमानतेचं होतं. इंग्रजी पक्कं असलेल्यांकडून आणखी एक चूक होते. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द येतो, म्हणून ते इथेही ‘सो’ दोनदा वापरतात. डॅनिशमध्ये विशेषणाच्या आधी सो आणि नंतर सॉम, त्यांची अदलाबदल होत नाही.

‘लीए’ केव्हा गाळायचं

होकारार्थी वाक्यात ‘लीए’ ठेवा. नुसतं ‘हान एर सो हॉय सॉम माय’ कानाला अपुरं लागतं. नकारात मात्र ते सहसा गळतं: ‘हान एर इगे सो हॉय सॉम माय’. ‘इगे लीए सो’ ही चूक नाही, पण तिथे ‘अगदी तितकाच नाही’ अशी छटा येते. फरक मोठा असेल तर ‘इगे नेअर सो’ म्हणा, म्हणजे ‘त्याच्या जवळपासही नाही’.

पट सांगतानाही ‘लीए’ नको. कोपनहेगनमधला रुनेटॉर्न हा चौथ्या क्रिस्टियान राजाच्या काळातला, १६४२ मध्ये पूर्ण झालेला गोल बुरूज ३४.८ मीटर उंच आहे. शहराच्या नगरपालिका भवनाचा मनोरा १०५.६ मीटरचा. म्हणजे जवळजवळ बरोबर तिप्पट: ‘रॉडहूसटॉर्नेथ एर त्रे गांगे सो हॉयट सॉम रुनेटॉर्न’. दुप्पट असेल तर ‘डॉबेल्ट सो’. ‘तीन पट अधिक उंच’ अशी रचनाही ऐकू येते, पण तिचा अर्थ तिप्पट की चौपट यावर वाद होतात. ‘सो’ आणि ‘सॉम’ वापरलं की प्रश्नच मिटतो.

‘आम्ही एकाच वयाचे आहोत’ हे ‘वी एर लीए गामले’. इथे ‘सो’ घातलं तर ऐकणारा ‘कोणाइतके?’ म्हणून पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. दोघेही कर्त्यातच आले असतील तर ‘सो’ही नको आणि ‘सॉम’ही नको.

उपमा देताना तर सगळंच आखडतं. भुकेलेला माणूस ‘सुल्टन सॉम एन उल्व’, लांडग्यासारखा भुकेला. गप्प बसलेला ‘स्टुम सॉम एन ऑस्टर्स’, कालवासारखा मुका.

मांगे की मायेथ

मोजता येणाऱ्या अनेकवचनाला ‘मांगे’, न मोजता येणाऱ्याला ‘मायेथ’. ‘लीए सो मांगे वेनर’ (तितकेच मित्र), पण ‘लीए सो मायेथ काफे’ (तितकीच कॉफी). पैशांच्या बाबतीत मराठी मदतीला येते. डॅनिशमध्ये ‘पेंगे’ अनेकवचनी आहे, आपल्या ‘पैसे’सारखंच, म्हणून ‘लीए सो मांगे पेंगे’. इंग्रजीतून विचार करणारे इथे हमखास ‘मायेथ’ म्हणतात.

जोडून लिहिलेलं ‘लीएसो’

लिहिताना सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. तुलनेतलं ‘लीए सो’ नेहमी दोन शब्दांत. एका शब्दातलं ‘लीएसो’ वेगळं, त्याचा अर्थ ‘तसंच’, उदाहरणार्थ ‘तूही तसंच कर’ म्हणताना. परीक्षेच्या निबंधात ही मोकळी जागा तपासायला विसरू नका.

‘लीए सो’ दिसलं की तुलना असेलच असंही नाही. ‘वी कान लीए सो गॉट टाए बुसन’ म्हणजे ‘त्यापेक्षा बसनेच गेलेलं बरं’. कोणी ‘डे एर लीए मायेथ’ म्हणालं तर प्रमाण शोधत बसू नका. त्याला ‘काही फरक पडत नाही’ एवढंच सांगायचं आहे.

माय की याय

‘सॉम’नंतर ‘मला’चं रूप (माय) घ्यायचं की ‘मी’चं (याय), यावर नवशिके फार घाबरतात. दोन्ही शुद्ध आहेत. बोलण्यात ‘माय’ जास्त, जपून लिहिताना ‘याय’. मात्र पुढे क्रियापद आलं तर ‘याय’ला पर्याय नाही: ‘सॉम याय एर’. जिथे अर्थ फुटतो तिथे मात्र खरंच सांभाळायला हवं. ‘हुन एल्स्कर हाम लीए सो हॉयट सॉम माय’ यातून ‘तिचं माझ्यावर आहे तितकंच त्याच्यावर प्रेम आहे’ असाही अर्थ निघतो आणि ‘माझं त्याच्यावर आहे तितकंच तिचंही आहे’ असाही. दुसरा अर्थ हवा असेल तर ‘सॉम याय’ म्हणा, पहिला हवा असेल तर क्रियापद जोडून वाक्य पूर्ण करा: ‘सॉम हुन एल्स्कर माय’.