कापसाच्या तंतूत सेल्युलोज किती भरले, ते सूक्ष्मदर्शकाखाली कसे मोजावे

कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलते त्या दिवशी ती सालीतून वर डोकावते, पुढचे वीसेक दिवस मुख्यतः लांबत राहते आणि मग आतून सेल्युलोजचे थर चढवत भिंत जाड करते. बोंड उकलते तेव्हा कोरड्या तंतूच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असते. लांबी आधी ठरते, भरण नंतर होते. म्हणूनच लांब धाग्याची रुईसुद्धा आतून पोकळ निघू शकते. ते ओळखायला ४०० पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक आणि १८ टक्के कॉस्टिक सोडा पुरतो.

मोजण्याआधी भिंत कशी बनते ते समजून घ्या, नाहीतर स्लाइडवर दिसते त्याचा अर्थ लागत नाही. सेल्युलोज सिंथेज हे विकर (एन्झाइम) पेशीच्या पटलात बसलेले असते. अशी बरीच विकरे एकत्र येऊन सहा पाकळ्यांचे फूल बनते, त्याला रोझेट म्हणतात. आजच्या समजुतीप्रमाणे एका पाकळीत तीन, म्हणजे रोझेटमध्ये अठरा विकरे असतात. प्रत्येक विकर आतल्या बाजूने यूडीपी-ग्लुकोज, म्हणजे जोडणीसाठी तयार केलेला ग्लुकोज, घेते, एकेक ग्लुकोज साखळीला जोडते आणि साखळी पटलाबाहेर ढकलते. बाहेर पडताच या साखळ्या एकमेकींना चिकटून सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा सूक्ष्मतंतुक होतो. पटलाखालच्या सूक्ष्मनलिका रुळांचे काम करतात, रोझेट त्यांच्या दिशेने सरकते. वनस्पतींमधली या विकराची जनुके १९९६ साली पहिल्यांदा ओळखली गेली, तीही कापसाच्या तंतूतच.

यातून दोन गोष्टी निघतात. विकर पटलात असल्यामुळे नवा थर नेहमी आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे भिंत भरते तशी मधली पोकळी आक्रसते. आणि भरणीच्या काळात सूक्ष्मतंतुक मळसूत्रासारखे तिरके बसतात, त्यांची दिशा जागोजागी उलटते. तंतू सुकला की त्याला पीळ पडतो तो यामुळे.

फुलांना खुणा

अमेरिकन कापसाचे फूल पहिल्या सकाळी पांढरट-पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. म्हणून सकाळीच पांढऱ्या फुलांच्या देठाला तारखेची चिठ्ठी बांधा. एका दिवसात निदान ५० फुले घ्या, कारण पहिल्या दहा दिवसांत बरीच गळतात. सगळी फुले फळफांदीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या जागेवरची असावीत. शेंड्याकडची आणि बुडाकडची बोंडे मिसळली तर वयाचा फरक कुठला आणि जागेचा कुठला, ते कळणार नाही.

बोंडे ३०, ३५, ४० आणि ४५ व्या दिवशी, प्रत्येक वेळी पाच अशी तोडा, शेवटचा नमुना उकललेल्या बोंडांचा घ्या. गुलाबी बोंडअळी लागलेला कप्पा किंवा कवडी (न उमललेली, डागाळलेली रुई) बाजूला टाका. हिरव्या बोंडातले तंतू ओले आणि चिकटलेले असतात. सरकी तंतूंसकट गरम पाण्यात हलवून ते मोकळे करा आणि सावलीत सुकवा. तीस दिवसांआधीच्या तंतूंवर ही मोजणी करू नका. भिंत इतकी पातळ असते की ती सुकताना चपटी होऊन चिकटते.

द्रावण आणि स्लाइड

१८ ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडथोडा करून साधारण ७० मिलि पाण्यात घाला. द्रावण चांगलेच तापते; थंड झाल्यावर पाणी घालून १०० मिलि करा. उलटे, म्हणजे सोड्यावर पाणी, कधीही ओतू नका. चष्मा आणि हातमोजे हवेतच. बाटली प्लॅस्टिकची घट्ट झाकणाची असावी, उघडी राहिली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ताकद उतरते. द्रावण सौम्य झाले की तंतू पुरेसा फुगत नाही आणि चांगला कापूसही कच्चा दिसतो. या चाचणीत सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

सरकीच्या मध्यभागातून तंतूंची पातळ झुपकी काढा, स्लाइडवर समांतर पसरा, वर कव्हरस्लिप ठेवा आणि कडेला द्रावणाचा थेंब सोडा, तो आपोआप आत ओढला जातो. कडेला आलेले जादा द्रावण टिपून घ्या, भिंगाला लागले तर काच खराब होते. काही मिनिटांनी पाहा.

मोजणी

प्रत्येक तंतूचा मधला भागच पाहा. फुगल्यावर तंतू दांड्यासारखा दिसला, पोकळी नाहीशी किंवा तुटक झाली आणि ठळक पीळ उरला नाही, तर तो भरलेला. भिंतीची जाडी तंतूच्या रुंदीच्या एक पंचमांश किंवा कमी असेल तर तो मृत. उरलेले पातळ भिंतीचे. शंभर-शंभर तंतूंच्या पाच स्लाइडी मोजा आणि टक्केवारी काढा.

परिपक्वता गुणोत्तर = (भरलेले − मृत) ÷ २०० + ०.७०

भरलेले ६४ टक्के आणि मृत १२ टक्के असतील तर ५२ ÷ २०० = ०.२६, अधिक ०.७०, म्हणजे ०.९६. हा चांगला कापूस. ०.८०च्या खाली आला तर कच्चा समजा. असे तंतू गिरणीत गुंतून गाठी होतात आणि रंगवलेल्या कापडावर फिकट ठिपके उठतात.

आकडा कमी आला तर

आधी द्रावण ताजे करून पुन्हा मोजा. तरीही कमी असेल तर भरणीच्या काळातले हवामान तपासा. रात्री २० अंशांखाली उतरल्या की सेल्युलोज बनण्याचा वेग पडतो. कापसाचे अभ्यासक लॉरेन्स बॉल्स यांनी १९१९ साली तंतूच्या छेदात रोजची वाढवलये दाखवली, आणि दिवसरात्र तापमान व उजेड सारखे ठेवले की ती नाहीशी होतात. विदर्भात फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या पिकाच्या, बोंडांची भरणी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत येते, त्यामुळे तिथे लांबीपेक्षा परिपक्वता जास्त मार खाते.

दुसरे कारण साखर. यूडीपी-ग्लुकोज पानांकडून आलेल्या साखरेतूनच बनते. पाने लाल्याने (पाने लाल पडण्याच्या विकृतीने) गेली किंवा शेवटच्या महिन्यात पाण्याचा ताण बसला, तर विकर असूनही कच्चा माल तुटतो आणि बोंड लवकर उकलते.

फक्त मायक्रोनेअरच्या, म्हणजे रुईच्या गोळ्यातून हवा किती सहज जाते यावरून काढलेल्या, आकड्यावर निवाडा करू नका. त्यात तंतूची बारकाई आणि भरण दोन्ही मिसळलेले असतात. मुळात बारीक पण पूर्ण भरलेला तंतू आणि जाड पण अर्धवट भरलेला तंतू यांचा मायक्रोनेअर सारखा येऊ शकतो, आणि त्यांतला फरक वरच्या मोजणीत पहिल्याच स्लाइडवर दिसतो.