कंपनीतून प्रादेशिक विकासाकडे वळताना: भागीदारीचं नेतृत्व कसं करावं

कंपनीतलं वरचं पद सोडून उद्योग, सरकार आणि शिक्षणसंस्था यांची मोट बांधायचं काम स्वीकारणार असाल, तर होकार कळवण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या. ही मोट बांधणाऱ्या संस्थेचा खर्च कोण उचलणार, आणि किती वर्षं? इंग्लंडमध्ये २०१०-११ नंतर उद्योगक्षेत्रातल्या अनुभवी माणसांच्या नेतृत्वाखाली अशा स्थानिक भागीदाऱ्या देशभर उभ्या राहिल्या. एप्रिल २०२४ पासून सरकारने त्यांचा मूळ निधी थांबवला आणि त्यांची कामं स्थानिक प्रशासनांकडे गेली. त्यामुळे पैसा एकाच दारातून येत असेल, तर दुसरं दार शोधणं हे तुमचं पहिल्या दिवसापासूनचं काम समजा. सभासद उद्योगांची वर्गणी थोडी का असेना, हवीच. ज्याने खिशात हात घातला आहे तो बैठकीला स्वतः येतो, हाताखालच्या माणसाला पाठवत नाही.

मी एका यंत्रनिर्मिती कंपनीत पुरवठा साखळीची प्रमुख होते. तिथे माल उशिरा आला की करारातलं दंडाचं कलम हाताशी असायचं. इथे महापौर तुमच्या हाताखाली नाहीत, तंत्रनिकेतनाचे प्राचार्य नाहीत, आणि कालपर्यंत तुमच्या कंपनीशी स्पर्धा करणारा उद्योजक तर नाहीच नाही. तुम्हाला फक्त बैठक बोलावता येते. ती लोकांना यावीशी वाटायची तर त्यांच्यापैकी कुणालाही एकट्याने सोडवता येणार नाही असा प्रश्न टेबलावर हवा. पहिल्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे हा प्रश्न शोधणं. बोधचिन्ह, संकेतस्थळ, गुंतवणूकदार परिषद हे सगळं नंतर.

त्यासाठी सुरुवातीचे महिने मोठ्या कंपन्यांच्या सभागृहांत घालवू नका. वीस-तीस कामगारांच्या कारखान्यांत जा. ‘तुमच्या अडचणी काय?’ असं विचारलंत तर वीज, कर आणि रस्ते ही ठरलेली यादी मिळेल. मी विचारायचे, ‘गेल्या वर्षात कुठली ऑर्डर सोडून द्यावी लागली, आणि का?’ या प्रश्नाला माणूस थांबून उत्तर देतो. आमच्या भागात ही उत्तरं फिरून फिरून एकाच ठिकाणी यायची. मोठा ग्राहक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल मागतो, जवळपास तशी प्रयोगशाळा नाही, नमुने लांब पाठवायचे आणि अहवाल येईपर्यंत माल तसाच पडून राहायचा. चाचणीचं यंत्र एकट्या कारखान्याला परवडत नाही, कारण त्याच्याकडे ते दिवसभर चालवण्याइतकं कामच नसतं. तंत्रनिकेतनाकडे जागा आहे, पण यंत्र चालवणारा अनुभवी माणूस नाही. सरकारकडे यंत्राला पैसे आहेत, पण अर्ज कुणी करायचा हे ठरलेलं नाही. भागीदारीसाठी यापेक्षा योग्य काम नाही!

मात्र अशा कामात यंत्र आणणं सोपं असतं, ते चालू ठेवणं कठीण. म्हणून खरेदीआधीच लिहून घ्या: यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची मापं अचूक येतात ना याची तपासणी, कोण करून घेणार, दुरुस्तीचा पैसा कुठून, लहान कारखान्याला काय दर, आणि एकाचं ड्रॉइंग दुसऱ्याच्या नजरेला पडणार नाही याची जबाबदारी कुणाची. शेवटच्या मुद्द्यावर आमच्याकडे सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. स्पर्धक एका छताखाली येतात ते गोपनीयतेची खात्री पटल्यावरच.

प्रदेशाची हद्द नकाशावरून ठरवू नका. कामगार रोज कुठून कुठे जातात आणि सुटे भाग कुठे बनून कुठे जोडले जातात, ते पाहा. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनचं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे फिलिप्सने मोठी कामगारकपात केली आणि १९९३ मध्ये डाफ ही ट्रक बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. तेव्हा महापौर, तंत्रविद्यापीठ आणि वाणिज्य मंडळ यांची प्रमुख माणसं एकत्र आली, आणि आसपासच्या पालिकांनीही सामाईक निधीत वाटा उचलला. आज त्या प्रदेशाची ओळख बनलेली एएसएमएल ही चिपनिर्मितीची यंत्रं बनवणारी कंपनी आइंडहोव्हनच्या हद्दीत नाहीच, शेजारच्या फेल्डहोव्हनमध्ये आहे. शहराने आपल्या हद्दीपुरतंच पाहिलं असतं तर हे जमलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

सामंजस्य करारांवर फार वेळ घालवू नका. त्याऐवजी प्रत्येक कामाचा एक कागद ठेवा: कोण, काय, कधीपर्यंत, आणि पैशावर सही कुणाची. बैठकीचं इतिवृत्त त्याच संध्याकाळी पाठवा. कंपनीत आपण तिमाहीचा विचार करतो, सरकारी कार्यालयात अर्थसंकल्पाचं वर्ष चालतं. तुमची पैशाची मागणी त्यांचं अंदाजपत्रक तयार होत असताना पोचली नाही तर वर्षभर थांबावं लागतं. अधिकाऱ्यांची बदली होते, म्हणून प्रत्येक खात्यात दोन माणसांशी नातं जोडा: एक खातेप्रमुख, आणि दुसरी फाइल प्रत्यक्ष तयार करणारी व्यक्ती. ही दुसरी व्यक्ती बहुतेक वेळा जास्त टिकते आणि तिला मागचं सगळं ठाऊक असतं.

बाहेरून मोठा प्रकल्प आणायची संधी कधीतरी येईलच. त्या वेळी तुमचा कंपनीतला अनुभव खरा उपयोगी पडतो, कारण समोरचा सवलती कशा मागतो हे तुम्हाला आतून माहीत असतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या कंपनीने १० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक आणि १३,००० नोकऱ्यांची घोषणा केली होती. २०२१ च्या सुधारित करारात हे आकडे ६७.२ कोटी डॉलर आणि १,४५४ नोकऱ्यांवर आले. राज्याच्या करसवलती प्रत्यक्ष नोकऱ्यांना बांधलेल्या होत्या, म्हणून त्या मोठ्या रकमा वाचल्या. जमीन आणि रस्त्यांसाठी स्थानिक पातळीवर केलेला खर्च मात्र आधीच होऊन गेला होता. म्हणून जमीन, रस्ते, पाणी यांवरचा खर्चही टप्प्याटप्प्याने आणि प्रत्यक्ष उभारणी पाहूनच करायचा, असा आग्रह धरा. घोषणेची तारीख पुढे गेली तरी चालेल.

जुन्या कंपनीशी असलेला संबंध पहिल्याच बैठकीत लेखी जाहीर करा. शेअर असतील तर तेही. तिचा विषय आला की बाहेर जाऊन बसा आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा. लहान उद्योजक हे बारकाईने पाहत असतात, आणि त्यांनी पाहावंच.

यशाची घोषणा ज्याची सही पैशावर आहे त्याला करू द्या. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा व्यासपीठावर प्राचार्य, महापौर आणि पहिला नमुना आणणारे कारखानदार होते. मी समोरच्या रांगेत, पुढच्या कामाचा कागद घेऊन बसले होते, कारण ते तिघे एकत्र सापडायची संधी मला सोडायची नव्हती. कार्यक्रम संपल्यावर तिथेच वेल्डिंग निरीक्षकांच्या प्रशिक्षणाची तारीख ठरली.