नव्या पिकअपचं गिअर ऑइल तपासताय? या चुका टाळा

गाडी कोरी आहे म्हणजे ऑइल बरोबरच असणार, असं धरून चालू नका. डिफरन्शियल (ॲक्सलवरच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) किंवा ट्रान्सफर केस (फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद देणारा डबा) यांत ऑइल कमी असेल तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. बेअरिंगचा आवाज येऊ लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून तपासणी कराच. मात्र घाईत केलेली तपासणीही नुकसान करते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आधी खालचा ड्रेन प्लग खोलणं. ऑइल सगळं वाहून जातं आणि मग कळतं की वरचा फिलर प्लग जाम आहे. आता ऑइल भरायचं कुठून? लेव्हल पाहायला फक्त फिलर प्लग पुरतो. त्याच्याभोवतीची माती ब्रशने झाडून घ्या, मगच पाना लावा. ती माती आत पडली तर थेट बेअरिंगपर्यंत जाते.

पुढची बाजू जॅकवर चढवून लेव्हल बघणारे खूप असतात. ऑइल एका बाजूला सरकतं आणि लेव्हल खोटी दिसते. गाडी चारही बाजूंनी समतल हवी: गॅरेजच्या तपासणी-खड्ड्यावर, लिफ्टवर किंवा चार भक्कम स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. नुकतीच चालवून आणली असेल तर थोडा वेळ थांबा, ऑइल खाली उतरू द्या.

बहुतेक डिफरन्शियलमध्ये ऑइल फिलर प्लगच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत असावं लागतं. काही गाड्यांत मात्र काठापासून काही मिलिमीटर खाली ठेवायला सांगितलेलं असतं, त्यामुळे मॅन्युअल उघडून बघा. बोट आत घालून वाकवलं की अंदाज येतो. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा समज चुकीचा आहे: जादा ऑइल घुसळून फेसाळतं, तापतं आणि सीलमधून बाहेर येतं. सील ओलं दिसलं तर ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र) मातीने बुजलाय का, तेही बघा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला हा नियम लावू नका. अनेक नव्या गाड्यांना डिपस्टिक नसते, चेक प्लग असतो. तिथे बहुधा इंजिन चालू ठेवून, गिअर एकदा सगळ्या जागांवर फिरवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला आलं की प्लग खोलायचा असतो. धार थांबून थेंब पडू लागले की लेव्हल बरोबर. थंड ऑइलवर तपासलं तर गरजेपेक्षा जास्त भरलं जातं, फार गरम असेल तर गरजेचं ऑइलही बाहेर पडतं. तापमान दाखवणारा स्कॅनर नसेल तर हे काम सर्व्हिस सेंटरवर सोपवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाताला येईल तो डबा ओतणं तर नकोच. ट्रान्सफर केसला काही गाड्यांत गिअर ऑइल नाही, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं. मॅन्युअल गिअरबॉक्सला जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) सांगितलं असेल तर जीएल-५ घालू नका, काही जीएल-५ ऑइलमधले घटक सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंगच्या) पितळेला खातात. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलला (एकच चाक नुसतं फिरत राहू नये म्हणून आवर घालणारं डिफरन्शियल) फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण जुळवणारं ऑइलमधलं मिश्रण, लागतो का, तेही तपासा.

चुंबकी प्लगवर बारीक राखाडी लेप दिसला तर घाबरू नका, नवे गिअर एकमेकांत बसताना तो येतोच. तुकडे किंवा कपच्या दिसल्या, किंवा ऑइल दुधाळ असेल, तर फोटो काढा आणि गाडी वॉरंटीत दाखवा.

प्लग लावताना वॉशर नवा घाला आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याएवढाच आवळा. ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे जोर लावला की सहज जातात. भोवतालचं ऑइल पुसून कोरडं करा आणि पुढच्या फेरीनंतर एकदा वाकून बघा.